बरसाती आणि कोळेरोग

बंगळूरच्या उत्तरेस, मोठ्या तलावाच्या काठी वसलेले हेब्बाळ हे एके काळचे खेडे आता त्या महानगरातच सामावून गेले आहे. १८९९ मध्ये म्हैसूर संस्थानच्या राज्यपालक महाराणी वाणीविलास यांनी येथे तीस एकर जमीन दिली आणि तीवर प्रायोगिक शेतीचे केंद्र उभे राहिले. १९१३ मध्ये शेतकी शाळा निघाली. १९२५ च्या सुमारास बुळकांडीवरील लस-रक्तद्रव तयार करणारी संस्था स्थापन झाली आणि १९५८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आले. पिकाचा रोग आणि पशूचा रोग यांचा अभ्यास करणारी मंडळी अशी एकाच परिसरात शेजारी झाली. या दोन विद्यांमधील भिंत मात्र जगात सर्वत्रच बळकट होती. तिची किंमत किती मोठी पडली, याचा एक बोधप्रद इतिहास आहे.

हेब्बाळच्या शाळेमागे ज्यांचा हात होता, ते डॉ. लेस्ली कोलमन हे मूळचे कॅनडाचे. १९०८ मध्ये ते म्हैसूर सरकारच्या सेवेत आले, तेव्हा मलनाडातील सुपारीच्या बागा एका रोगाने हैराण झाल्या होत्या. ऐन पावसाळ्यात कोवळी फळे कुजत आणि झाडाखाली त्यांचा खच पडे. कानडीत ‘कोळे’ म्हणजे कुजणे. म्हणून हा कोळेरोग. कोकणच्या व गोव्याच्या बागायतदारांनाही हे नाव अनोळखी नाही. १९१० मध्ये कोलमन यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. रोगाचे मूळ फायटोफ्थोरा जातीच्या जीवात होते. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून भीषण दुष्काळ ओढवणारा जीव याच कुळातला. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात चक्क पोहतात. झाडावरील पावसाचे थेंब हाच त्यांचा प्रवासमार्ग. तेव्हा पावसाच्या आधीच घोसांवर मोरचूद व चुना यांचे मिश्रण फवारावे, आणि ते धुऊन जाऊ नये म्हणून त्यात चिकट द्रव्य घालावे, असा उपाय कोलमन यांनी रूढ केला. कारण समजले, म्हणून उपाय सापडला.

आता याच काळातील घोड्यांच्या पागेकडे वळू. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील लष्करी घोड्यांना पावसाळ्यात पायांवर व पोटाखाली चिघळणाऱ्या जखमा होत. त्या भरून येत नसत, आणि त्यांतून खड्यांसारखे कठीण पिवळसर गोळे निघत. मोतद्दार या रोगाला ‘बरसाती’ म्हणत. फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याने १८८४ मध्ये त्याच्या विकृतीचे वर्णन केले. कृमींमुळे होणाऱ्या जखमाही त्याच नावाखाली येत, हे खरे. परंतु ज्या जखमांत तंतू दिसत, त्या बुरशीच्या मानल्या गेल्या. जावा बेटातील डच संशोधकांनी १९०१ मध्ये असाच निष्कर्ष काढला, आणि पुढे सत्तर वर्षे तोच प्रमाण राहिला.

वस्तुतः ही बुरशी नव्हतीच. हा कोळेरोगाच्या जीवाचा सख्खा भाऊबंद होता. त्याच्या वंशाचे नाव पिथियम. विशेष हे, की याच पिथियम वंशावर सर्व जगात मान्य झालेला ग्रंथ १९०७ मध्ये हिंदुस्थानातच तयार झाला होता. बिहारमधील पुसा येथील कवकशास्त्रज्ञ एडविन बटलर हे त्याचे कर्ते. परंतु तो ग्रंथ रोपांचे रोग पाहणाऱ्यांसाठी होता; पागेतील वैद्याने तो उघडावा, असे कोणाच्या मनातही येण्याजोगे नव्हते. घोड्याच्या जखमेतील जीवाचे पोहणारे बीजाणू पाहून ऑस्टविक आणि कोपलंड यांनी हे नाते उघड केले ते १९७४ मध्ये, म्हणजे बटलर यांच्या ग्रंथानंतर सदुसष्ट वर्षांनी. १९८७ मध्ये त्या जीवाला ‘पिथियम इन्सिडिओसम’, म्हणजे दगलबाज पिथियम, हे नाव मिळाले.

हा नावाचा वाद केवळ पंडिती नव्हे. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि बुरशीवरील बहुतेक औषधे त्याच्यावरच घाव घालतात. पिथियममध्ये ते द्रव्य जवळजवळ नसतेच. त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असते, आणि त्याचे दूरचे नाते समुद्रातील तपकिरी शैवालांशी. म्हणजे वैद्य बाण मारतो, पण लक्ष्यच जागेवर नसते. माणसांतही हा रोग होतो, हे १९८० नंतरच्या दशकात थायलंडमध्ये ध्यानी आले. थॅलसेमियाच्या रुग्णांत तो रक्तवाहिन्यांत शिरे आणि पाय कापण्याची पाळी येई. भारतात त्याने डोळ्याची वाट धरली. बुबुळावरील पारदर्शक पटलाचा व्रण बुरशीचा समजून उपचार होत. थेंब घालण्यात दिवस जात आणि दृष्टी जाई.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत हे कोडे बरेचसे उलगडले. लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरील औषधे येथे उपयोगी पडू शकतात, असे त्यांना आढळले. तरीही अनेकदा शस्त्रक्रिया टळत नाही. रोगजंतू ओळखण्याची त्यांची एक रीत तर मोठी अर्थपूर्ण आहे. डोळ्यातून काढलेला जीव पानाच्या तुकड्यांवर वाढवून ते पाण्यात ठेवायचे, आणि पोहणारे बीजाणू बाहेर पडतात का, ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. ही मूळची वनस्पतिरोगतज्ज्ञाची रीत. शेतकीच्या प्रयोगशाळेत शतकापूर्वी जे ज्ञान होते, ते नेत्रवैद्याच्या मेजावर येण्यास एवढा काळ लागला.

मलनाडातील बागायतदाराने आणि पागेतील मोतद्दारानेही आपापल्या रोगाचा संबंध पावसाशीच जोडला होता. एकाचे म्हणणे शास्त्रज्ञाने वेळीच ऐकले, म्हणून बागा वाचल्या. दुसऱ्याने तर रोगाच्या नावातच पाऊस गोवून ठेवला होता. ते नाव शास्त्राने टिपून घेतले, पण त्याचा अर्थ विचारला नाही.