गर्भिणीचे लोह : मात्रा, निदान आणि विश्वास

बंगळूरच्या चिकपेटमधील मराठीभाषक वस्तीचा इतिहास सांगताना बहुधा १६३८ मध्ये शहाजीराजांकडे आलेल्या जहागिरीपासून आरंभ केला जातो आणि पेठेत स्थिरावलेल्या शिंपी, भावसार व व्यापारी घराण्यांपाशी तो थांबतो. या घरांतील बाळंतपणांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला गेला आहे. पेठेच्या जवळच असलेले वाणीविलास रुग्णालय १९३५ मध्ये सुरू झाले. आज सरकारी प्रसूतिगृहांत गर्भवतीच्या हाती लोहाच्या लाल गोळ्या दिल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर एक शंकाही घरी येते : ही गोळी पोटातल्या बाळाला बाधणार तर नाही ना? या शंकेला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तिचा पूर्वेतिहास पाहिला असता मात्र तिच्यामागे बराच विचार करण्याजोगा ऐवज आढळतो.

लोह हे औषध आपल्याकडे नवे नाही. चरकसंहितेतील पांडुरोगाच्या चिकित्सेत नवायस चूर्ण व मंडूरवटक हे लोहयुक्त योग सांगितले आहेत. त्याच ठिकाणी माती खाण्यामुळे होणाऱ्या पांडूचा स्वतंत्र निर्देश आहे. कालिदासाने 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेची माती खाण्याची इच्छा वर्णिली आहे. आपल्या घरांतही राख, माती, खापरी यांचे डोहाळे परिचित आहेत. काव्याने ज्याकडे दोहद म्हणून पाहिले, त्याचा लोहाच्या कमतरतेशी वारंवार आढळणारा संबंध आधुनिक वैद्यकाने नोंदविला आहे. परंपरेने लोह निःशंकपणे दिले, असे मात्र नाही. शोधन, मारण, अनुपान आणि मात्रा यांच्या मर्यादेतच ते औषध ठरत असे.

युरोपात १८३२ मध्ये पिएर ब्लो या फ्रेंच वैद्याने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या, आणि फिकटपणा म्हणजे लोहाची उणीव हे समीकरण हळूहळू रूढ झाले. या समीकरणाची मर्यादा स्पष्ट करणारे महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून लूसी विल्स (१८८८–१९६४) १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी आढळणारा, अनेकदा प्राणघातक ठरणारा रक्तक्षय हा त्यांचा विषय होता आणि परळची हाफकिन संस्था हे कार्यक्षेत्र. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणीमान यांची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. रोगाचे मूळ केवळ प्रयोगशाळेत न शोधता ताटात आणि खोलीत शोधावे, ही या पाहणीची दृष्टी होती.

या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत्या. लोहाच्या अभावी पेशी लहान व फिकट होतात. येथील दोष निराळा होता आणि त्याला केवळ लोहाची मात्रा लागू पडणारी नव्हती. विल्स यांनी प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्ण स्त्रियांवर यीस्टच्या अर्काचा, म्हणजे मार्माइटचा, प्रयोग केला आणि त्याचे यश १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला व फॉलिक आम्ल या नावाने ओळखला जाऊ लागला. आजच्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला जे फॉलिक आम्ल असते, त्याच्यामागे मुंबईच्या गिरणगावातील या स्त्रियांची कहाणी आहे. त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

स्वतंत्र भारतात १९७० मध्ये पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गर्भवतीसाठी ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असे प्रमाण ठरले. १९९०च्या दशकात लोह १०० मिलिग्रॅमपर्यंत वाढविण्यात आले. २०१८ च्या 'अनीमिया मुक्त भारत' योजनेत ते पुन्हा ६० मिलिग्रॅमवर आणून, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस अशी मुदत ठरली. म्हणजे किती लोह द्यावे, हा प्रश्न राज्यसंस्थेलाही अनेकदा नव्याने सोडवावा लागला. मग घरातल्या स्त्रीने तो विचारला, तर त्यात नवल ते कोणते?

गरज मात्र निर्विवाद आहे. एका गर्भारपणात शरीराला एकंदर सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. पुष्कळ स्त्रियांना ते नेहमीच्या आहारातून भागत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी होत्या आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता केवळ २६ टक्के होत्या. तीव्र रक्तक्षयात प्रसूतीच्या वेळचा थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. नेमून दिलेल्या प्रमाणात घेतलेल्या गोळीचे सर्वसामान्य त्रास म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळे शौच. गोळीने बाळ काळे होते, किंवा ते फार वाढून बाळंतपण अडते, या समजुती देशाच्या अनेक भागांत आढळतात. त्यांना आधार नाही. काळे शौच पाहून पहिल्या समजुतीला बळ मिळत असावे.

तरीही 'जितके अधिक तितके उत्तम' हे तत्त्व येथे लागू होत नाही. बंगळूरच्याच सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्तक्षय नसलेल्या गर्भवतींमध्ये पूरक लोहाचे अधिक सेवन आणि बाळाचे कमी वजन यांचा संबंध आढळला. अशा निरीक्षणात्मक अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि त्यावरून गोळ्या बंद करणे चुकीचे ठरेल. परंतु रक्त तपासल्यावाचून आपल्या मनाने मात्रा वाढवू नये, एवढा बोध निश्चित होतो. थॅलेसेमिया असलेल्या स्त्रीला तर तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून लोह देणे इष्ट नाही. शिरेतून द्यावयाचे लोह पहिल्या तीन महिन्यांत टाळले जाते. ते आणि तोंडाने घ्यावयाचे लोह यांची तुलना करणारा मोठा प्रयोग २०२१ पासून कर्नाटक व राजस्थानात झाला. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय त्यात अग्रभागी होते. आणखी एक धोका घरातच असतो : हीच गोळी लहान मुलाने मूठभर गिळल्यास प्राणघातक ठरू शकते.

चरकाच्या परंपरेतील मात्राविचार, विल्स यांचे निदान आणि आजचे मापन या तिन्हींचा रोख एकच आहे. लोहाचा निर्धोकपणा गोळीच्या वेष्टनावर छापता येत नाही. कोणाला, कोणत्या रक्तक्षयावर आणि किती, या उत्तरांवर तो अवलंबून असतो. ती उत्तरे गर्भवतीला आणि तिच्या सासूलाही समजतील अशा भाषेत मिळाली पाहिजेत. गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, लिंबू किंवा आवळा सोबत असावा, शौच काळे झाले तर घाबरू नये, ही चार वाक्ये चिकपेटच्या घरात कन्नडमध्ये पोहोचोत वा मराठीत, ती पोहोचली नाहीत तर गोळ्या डब्यातच राहतात.