दगडाचें अंतरंग आणि रोग्याचें निदान

हिंगोली जिल्ह्याची भूमि काळ्या खडकाची आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहिलेला लाव्हा थरावर थर थिजून दख्खनचें हें पठार बनलें. या खडकाच्या पोकळ्यांत कोठें कोठें स्फटिक जमलेले असतात. विहीर खणतांना एखादी चकाकणारी गारगोटी हातीं आली, तर मुलें ती खेळावयास नेतात. मोठीं माणसें ‘हिचा उपयोग काय?’ असें म्हणून ती बाजूस टाकतात.

हाच प्रश्न आज त्याच जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर उभा आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २६०० कोटी रुपयांचा. जी विद्या भूक भागवीत नाहीं कीं रोग हटवीत नाहीं, तिच्यावर इतकें धन कां वेंचावें? याचें उत्तर इतिहासास विचारणें बरें. आणि तें उत्तर एका दगडापासूनच सुरू होतें.

१९१२ सालीं जर्मनींत माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेप्रमाणें स्फटिकांतून क्ष-किरण पाठविण्यांत आले, आणि छायाचित्राच्या कांचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. इंग्लंडांत विल्यम ब्रॅग व त्यांचे चिरंजीव लॉरेन्स यांनीं त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी वाचण्याची रीत बसविली. १९१५ चें नोबेल पारितोषिक पितापुत्रांस मिळालें, तेव्हां पुत्राचें वय अवघें पंचवीस होतें. मग एकामागून एक खनिजें तपासलीं जाऊं लागलीं. १९३१ सालीं मेंझर या जर्मन शास्त्रज्ञानें युलिटाइट नांवाच्या, बिस्मथ व सिलिकॉन असलेल्या एका खनिजाची रचना उलगडली. सामान्य माणसानें त्या खनिजाचें नांवहि ऐकलें नव्हतें.

त्याच वर्षीं डिरॅक यांनीं केवळ गणिताच्या बळावर एक भाकित केलें: इलेक्ट्रॉनाएवढ्याच वजनाचा, पण उलट विद्युद्भाराचा कण असला पाहिजे. १९३२ सालीं अमेरिकेंत अँडर्सन यांस तो विश्वकिरणांत सांपडला. हाच पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉनाशीं गांठ पडतांच दोघेहि नाहींसे होतात, आणि बहुधा दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांस निघून जातात. केंब्रिज येथें संशोधन करणारे मुंबईचे तरुण शास्त्रज्ञ होमी भाभा यांनीं या दोन कणांच्या टकरींतील विखुरण्याचें गणित १९३६ सालीं प्रसिद्ध केलें. आजहि तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

या दोन वाटा अखेर रुग्णालयांत एकत्र आल्या. युलिटाइटच्याच घडणीचा, परंतु सिलिकॉनच्या जागीं जर्मेनियम असलेला स्फटिक प्रयोगशाळेंत वाढविण्यांत आला. तो इतका घन असतो कीं गॅमा किरण त्यांत अडतो, आणि अडतांच स्फटिक क्षणमात्र उजळतो. १९७० नंतरच्या दशकांत अशा स्फटिकांचीं कडीं रोग्याभोंवतीं बसविण्याची कल्पना पुढें आली. रोग्यास किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखरेसारखी औषधी टोचतात. कर्करोगाच्या बहुतेक गांठी साखरेच्या भुकेल्या असल्यानें ती तेथें अधिक सांचते. समोरासमोरचे दोन स्फटिक एकाच क्षणीं उजळले, कीं त्यांस जोडणाऱ्या रेषेवर कोठेंतरी ती औषधी आहे हें कळतें. अशा लक्षावधि रेषांवरून संगणक शरीराच्या आंतील चित्र रेखाटतो.

या फ्लोरिनचें बळ दर ११० मिनिटांस निम्मे होतें; म्हणून तें रुग्णालयाच्या जवळपासच तयार करावें लागतें. मुंबईस परळ येथें भाभांच्या हयातींत, १९६३ सालीं, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. तेथेंच २००२ सालीं भारतांतील पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पॉझिट्रॉन-चित्रण सुरू झालें. भाभा १९६६ सालींच विमान-अपघातांत निवर्तले होते.

मेंझर यांच्यापुढें रोगी नव्हता. भाभांच्या गणितांत गांठीचा उल्लेख नव्हता. त्या गणितापासून परळच्या यंत्रापर्यंत सहासष्ट वर्षें गेलीं. औंढ्याच्या वेधशाळेंतून औषध निघेलच, असें इतिहास सांगत नाहीं. परंतु ‘उपयोग काय?’ या प्रश्नाचा निकाल ज्या पिढीनें तो विचारला, तिच्याच हयातींत लागतो असें नाहीं, इतकें मात्र तो निश्चित सांगतो.