पौष्टिक, पण कुणासाठी?

पौष्टिक म्हणजे चांगलंच, हे आपलं घरोघरचं गणित. लहान मुलांच्या ल्युकेमियात मात्र हे गणित एकदा साफ उलटं पडलं.. आणि औषधाचा रस्ता त्यातूनच सापडला!

सुरुवात आपल्या मुंबईतच. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जबरदस्त अ‍ॅनिमिया व्हायचा. निकृष्ट आहारावर तिचा संशय होता. यीस्टपासून बनणारं स्वस्तातलं मार्माइट दिलं, आणि बायका बऱ्या झाल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड.

रक्त सुधारतं ना, मग ल्युकेमियाच्या मुलांनाही देऊन बघू, असं बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बरना वाटलं. फॉलिक अ‍ॅसिडची संयुगं दिली, तर रोग आणखीच भडकलेला दिसला! पेशी वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. कॅन्सरच्या पेशींनाही ते लागणारच की.

मग उलटा डाव. ही रसद तोडली तर? अमेरिकेत काम करणाऱ्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने अमिनोप्टेरिन बनवलं: दिसायला फॉलिक अ‍ॅसिडसारखं, पण पेशीचं काम अडवणारं. १९४८ च्या अहवालानुसार १६ पैकी १० मुलांमध्ये रोग मागे हटला. तात्पुरताच, पण तोवर तेवढंही कुणाला जमलं नव्हतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना देतात.

तेव्हा अशा एखाद्या मुलाला 'ताकदीसाठी' व्हिटॅमिनची बाटली न्यायची असेल, तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. प्रेमाने दिलेलं नेमकं कोणाच्या ताटात पडेल, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.