चाँदमिनार आणि बीदरचा दवाखाना

जिंतूरच्या उर्दू शाळेत मी सातवीला इतिहास शिकवतो. एकदा सामान्यज्ञानाच्या तासाला प्रश्न निघाला, "आशिया खंडातील सर्वात उंच इमारत कोणती?" सारा वर्ग एका सुरात ओरडला, "बुर्ज खलिफा!" उंचीही तोंडपाठ, 828 मीटर. दुबईत ती 2010 साली खुली झाली, हेही एकाने सांगितले. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, अपने इधर ऐसा कुच नै क्या?"

प्रश्न साधाच, पण मला बोचला. बुर्ज खलिफा मुलांनी मोबाईलवर शंभरदा पाहिला होता. दोनशे किलोमीटरच्या आत असलेला दौलताबादचा चाँदमिनार मात्र एकानेही पाहिलेला नव्हता. चूक मुलांची नव्हती. आम्ही शिक्षकांनीच त्यांना तो कधी दाखवला नव्हता.

आकडे डोक्यात बसावेत म्हणून मी फळ्यावर आपले येलदरीचे धरण काढले. पूर्णा नदीवरचे हे धरण सुमारे 51 मीटर उंच. एकावर एक अशी सोळा धरणे रचली तर बुर्ज खलिफाची उंची गाठता येईल. मग मागे गेलो. इजिप्तमधील गिझाचा मोठा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्याची मूळ उंची सुमारे 146 मीटर, म्हणजे जवळपास तीन येलदरी. त्याहून उंच काही उभारायला माणसाला सुमारे 3800 वर्षे लागली. चौदाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील लिंकनच्या चर्चचा मनोरा त्याच्या वर गेला. आज जेद्दा शहरात एक हजार मीटरहून उंच इमारतीचे काम, मध्यंतरी काही वर्षे थांबून, 2025 पासून पुन्हा सुरू झाले आहे.

आपल्या देशात कुतुबमिनार 72.5 मीटरचा. कुतुबुद्दीन ऐबकने तो सुरू केला, अल्तमशने पुढे नेला आणि वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकाने वरचे मजले दुरुस्त केले. त्याच आवारात एक दगडी बुंधा उभा आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो अलाई मिनार. 1296 साली आपल्या देवगिरीवर चालून आलेला अलाउद्दीन खिलजी पुढे सुलतान झाला, आणि कुतुबमिनाराच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधावा असे त्याच्या मनात आले. 1316 मध्ये तो वारला. काम एका मजल्यावर, सुमारे 25 मीटरवर थांबले, ते कायमचेच.

हिवाळ्यात आम्ही एसटी ठरवून दौलताबादला सहल नेली. यादवांची देवगिरी तीच ही. मुहंमद तुघलकाने 1327 साली राजधानी इथे आणली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले. चाँदमिनार 1445 च्या सुमारास बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा याने बांधला. माहितीपुस्तकांत त्याची उंची सुमारे 210 फूट दिलेली असते. मुलांना वर चढायचे होते, पण दार बंद. ती हिरमुसली. तेव्हा मी त्यांना 4 डिसेंबर 1981 ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी कुतुबमिनाराच्या आतल्या जिन्यात दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि 45 माणसे दगावली. त्यांत बरीचशी शाळेची मुले होती. तेव्हापासून तोही मिनार आतून बंद आहे. मुले गप्प झाली. माझ्या जबाबदारीवर आणलेली ती चाळीस डोकी मी पुन्हा एकदा मोजली.

जवळच 1318 सालची जामा मशीद आहे. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत, आणि आज तिथे भारतमातेचे मंदिर आहे. एका मुलाने खांबांवर हात फिरवत विचारले, "सर, ये किसके?" उत्तर टाळता आले असते. मी टाळले नाही. म्हणालो, "बेटा, देऊळ पाडून मशीद झाली, मशिदीचे पुन्हा मंदिर झाले. राजे असेच वागत आले. आपण इतिहास शिकतो तो खरे काय घडले ते कळावे म्हणून, शान मिरवावी म्हणून नाही." आपला म्हणून जो वारसा सांगायचा, त्यात अभिमानाचे आणि लाजेचे दोन्ही येते, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे.

परतताना बसमध्ये त्यांना त्याच अलाउद्दीन अहमदशहाची दुसरी गोष्ट सांगितली. त्याने बीदरला एक मोठा शिफाखाना उभारला होता. इतिहासकार फरिश्ता याने त्याची नोंद केली आहे. रोग्यांच्या औषधासाठी आणि अन्नासाठी सुलतानाने गावांचे उत्पन्न लावून दिले होते. तिथे मुसलमान हकीम होते आणि हिंदू वैद्यही होते. मिनार पाहायला आज हजारो लोक येतात. त्या दवाखान्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

उंचीपायी आपण काय गमावतो, याचा दाखला तर आपल्या काळातलाच आहे. मक्केतील 601 मीटर उंचीच्या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणि भोवतालच्या इमारतींसाठी अठराव्या शतकातला अजयाद किल्ला 2002 साली पाडला गेला. हजहून आलेले लोक मनोऱ्याचे फोटो दाखवतात. किल्ल्याची आठवण सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

सहलीनंतर मुलांना वहीत तक्ता करायला सांगितले: नाव, साल, उंची. चौथा रकाना मी वाढवला, "कशासाठी?" अलाई मिनारापुढे बहुतेकांनी लिहिले, "कुतुबपेक्षा दुप्पट व्हावा म्हणून." मागच्या बाकावरच्या त्या मुलाने शेवटी एक ओळ स्वतःहून जोडली होती, बीदरच्या शिफाखान्याची. "कशासाठी?" या रकान्यात लिहिले होते, "बीमारों के लिए." उंचीचा रकाना कोरा होता.

मी त्याचे गुण कापले नाहीत.