करमणूक आणि पुढील अंकाची वाट

शहाण्यांचा काळ काव्यशास्त्रविनोदात जातो, मूर्खांचा व्यसनात, निद्रेत किंवा कलहात, असे हितोपदेशातील एक सुपरिचित सुभाषित सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत कादंबरी रुजू लागली, तेव्हा या जुन्या वर्गवारीपुढे पेच उभा राहिला. कादंबरीवाचनाला काव्यविनोद म्हणावे की व्यसन?

हा पेच केवळ मराठीचा नव्हता. गटेची 'वेर्थर' १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी लाइपझिग शहरात तिच्या विक्रीवर बंदी आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषेत 'वाचनाचे व्यसन' या अर्थाचा स्वतंत्र शब्दच रूढ झाला. स्त्रिया आणि तरुण हेच त्याला सर्वाधिक बळी पडतात, असे तेथील टीकाकार बजावीत.

आपल्याकडे 'यमुनापर्यटन' (१८५७) या बोधपर कथेनंतर 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा काळ आला. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहिला. कादंबरीच्या गुणदोषांची चर्चा करावी इतकी ती तोवर रुजली होती.

या पार्श्वभूमीवर हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात साप्ताहिक काढले आणि त्याला नाव दिले 'करमणूक'. या नावातील धिटाई लक्षात घेण्याजोगी आहे. लोकांना करमत नाही, त्यांना काहीतरी हवे असते, ही भूक त्यांनी तुच्छ मानली नाही. ती मान्य करूनच त्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली.

संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रण माजले होते ते हेच दिवस. १८९१ मध्ये तो कायदा झाला. सभांतून आणि अग्रलेखांतून स्त्रीच्या देहाविषयी पुरुष भांडत असताना या साप्ताहिकातून यमू स्वतःच्या तोंडून स्वतःची हकिकत सांगत होती: बालपण, सासर, नवऱ्याच्या साहाय्याने झालेले शिक्षण, अकाली वैधव्य आणि शेवटी बळजबरीने केलेले केशवपन. वादात जे मत होते, ते येथे माणूस झाले. आणि वाचकाला तिच्यापर्यंत आणणारी ओढ, 'पुढे काय झाले?' ही, अद्भुत कादंबऱ्यांनी लावलेल्या ओढीच्याच जातीची होती.

म्हणजे ओढ लावणे हा दोष नव्हे. शहरजादही प्राण वाचविण्यासाठी तेच करते. परंतु पहाट होताच ती थांबते, आणि 'करमणूक'ही अंक संपला की थांबत असे. दोन अंकांमध्ये आठवडा होता. त्या अवकाशात यमूविषयी विचार करता येई, घरात बोलता येई, आपल्याच घरातील एखाद्या यमूकडे नव्याने पाहता येई. साहित्याचे अर्धे काम अशा मोकळ्या जागेत होते.

आजच्या समाजमाध्यमांशी या इतिहासाची तुलना करताना 'प्रत्येक पिढी नव्या करमणुकीला नावे ठेवते' एवढे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. ते अर्धसत्य आहे. आझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये, खाली सरकवत राहिले तरी न संपणाऱ्या पानाची रचना केली. पुढे त्याने तिच्याविषयी जाहीर खंतही व्यक्त केली. फरक नेमका येथे आहे. या रचनेत पहाट होत नाही, अंक संपत नाही. कुतूहल पुरे होण्याआधीच दुसरे कुतूहल हजर होते, आणि मधला आठवडा नाहीसा होतो.

त्यामुळे आज तासन्‌तास पडद्याला खिळून राहणाऱ्या विद्यार्थ्याला दुबळ्या मनाचा म्हणणे म्हणजे जर्मन टीकाकारांचीच चूक पुन्हा करणे होय. त्याच्या हाती अशी वस्तू आहे की जिला शेवटचे पान नाही. थांबण्याची जागा पूर्वी संपादक आणि छापखाना ठरवीत. आता ती ज्याची त्याने आखायची आहे, आणि हे काम एकट्याने करणे अवघड आहे. साहित्याच्या वर्गाला येथे काही करता येण्याजोगे आहे: एक प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे, आणि पुढच्या तासापर्यंत त्यावर बोलत राहावे.