मोहाची पहिली धार: सातपुड्यातील एका देशी मद्याचा इतिहास

इटलीतील काही द्राक्ष-उत्पादक गेली काही दशके जुन्या वाटेने परत निघाले आहेत. परदेशी वाणांऐवजी आपल्याच टेकड्यांवरची देशी द्राक्षे, विकतच्या यीस्टऐवजी फळाच्या सालीवर आपोआप वाढणारे किण्व, आणि पिंपात वर्षानुवर्षे न मुरवता ताजीच प्यायची लाल वाइन. जगभरचे रसिक त्यांचे कौतुक करतात. स्थानिक कच्चा माल, नैसर्गिक किण्वन आणि ताजेपणा या तिन्ही कसोट्यांना उतरणारे एक मद्य खानदेशात, सातपुड्याच्या कुशीत, पिढ्यान्‌पिढ्या बनत आले. ते मोहाच्या फुलांचे.

शिशिर सरता सरता मोहाची पाने गळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलांचा बहर येतो. फुले रात्रीतून उमलून पहाटे जमिनीवर पडतात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते. बाया-पोरे टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणूनच ते भाकरीच्या पिठात मिसळले जाई, नुसते उकडूनही खाल्ले जाई. दुष्काळात याच फुलांनी अनेक कुटुंबे तगवली. मद्य हा या फुलाचा एक उपयोग होता, एकमेव नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांना नेमका तोच एक दिसत असे.

कृती साधी आहे. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालायची. काही दिवसांत ती आपोआप आंबतात. मग मडके चुलीवर ठेवायचे आणि वाफ गार करून थेंब थेंब गोळा करायचे. वाइन केवळ आंबवलेली असते, मोहाची दारू गाळलेली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गाळण्यासाठी भट्टी लागते आणि भट्टीवर कर बसवता येतो. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग याच भट्टीवरून रूढ झाला. भिल्ल आणि पावरा समाजांत जन्म, लग्न, मृत्यू, इंदल यांपैकी काहीही मोहाची धार सोडल्याशिवाय पूर्ण होत नसे. सातपुड्याची कुलस्वामिनी याहामोगी हिच्या देवमोगरा येथील यात्रेत आजही तिला हेच मद्य वाहिले जाते.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तरी घरगुती भट्टीचा खरा शेवट साठ वर्षांनी सुरू झाला. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला. या व्यवस्थेचा शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड नावाचा सनदी अधिकारी. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून गाळप मोजक्या मोठ्या भट्ट्यांत एकवटायचे, तेथे कर वसूल करायचा आणि विक्रीचा मक्ता लिलावात द्यायचा, असे तिचे सूत्र होते. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व वाहतुकीवरच निर्बंध घातले गेले. झाडावरून पडलेले फूल उचलून घरी ठेवणे हा संशयाचा विषय ठरला.

परिणाम दूरगामी झाला. जे मद्य सणाला घरी बनत होते, ते आता मक्तेदाराच्या दुकानातून रोज मिळू लागले, तेही उधारीवर. उधारीची वही वाढत गेली की पुढे पीक जाई, मग जमीन. दारू तीच होती. पिणारा मात्र गिऱ्हाईक आणि ऋणको झाला होता.

यानंतर जे घडले ते आजच्या निसर्गप्रेमी रसिकाला कोड्यात टाकणारे आहे. आदिवासींनी घरची भट्टी परत मागितली नाही. त्यांनी दारूच सोडायला सुरुवात केली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या डोंगराळ पट्ट्यात ‘देवी’ची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीची आज्ञा होती: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा आणि पारशी दारूविक्रेत्यांवर बहिष्कार टाका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. वरवर पाहता हे उच्चवर्णीयांचे अनुकरण वाटते. शेवटची आज्ञा वाचली की रोख कोणावर होता ते कळते.

१९३७-३८ च्या सुमारास पश्चिम खानदेशात तळोद्याजवळच्या मोरवड येथे गुलाम महाराजांनी हीच वाट धरली. दारू सोडावी, स्वच्छ राहावे आणि एकमेकांना ‘आप’ म्हणावे, ही त्यांची शिकवण. ज्याला सावकारापासून शिपायापर्यंत प्रत्येकजण ‘अरे-तुरे’ करी, त्याला ‘आप’ म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये महाराज वारले. बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे नेले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. पुढे बंदी सैल झाली आणि परवान्याची देशी दारू दुकानांत आली, पण घरची भट्टी गुन्हाच राहिली. चोरट्या हातभट्टीत फुलांची जागा काळ्या गुळाने आणि नवसागराने घेतली. १९७२ मध्ये, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा तालुक्यात, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेची जमीन व मजुरीची चळवळ उभी राहिली. तिच्यातल्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. फुले वेचणारे आणि मडकी फोडणारे हात एकाच घरातले होते. मोहाच्या गौरवगाथा लिहिणारे बहुधा हे प्रकरण गाळतात.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठवले. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ ठरवून, अलीराजपूरसारख्या जिल्ह्यांत ते आदिवासी बचत गटांकडून बनवून घेण्याचे धोरण आणले. अलीकडे, नंदुरबारच्या बाजूला, तीच भट्टी पेटवणाऱ्यावर आजही १९४९ च्या अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो.