अंधार उजळणारे घराणे : रामसे बंधूंची वाटचाल

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या फतेचंद उत्तमचंद रामसिंघानी यांनी लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे दुकान थाटले. पुढे ‘रामसे’ या नावाने ते चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. मात्र मुखवटा चढवलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक पुन्हा पुन्हा येतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरले. भयपटाची वाट तिथून फुटली.

सातही भावांनी कामे वाटून घेतली. कुमार यांच्याकडे पटकथा, तुलसी-श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, किरण यांच्याकडे ध्वनी, अर्जुन यांच्याकडे संकलन. केशू आणि गंगू यांनी छायाचित्रण पत्करले. चित्रपटसंस्थेचे शिक्षण कोणाकडेही नव्हते. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरचे पुस्तक घेऊन वडिलांनी मुलांना काश्मीरच्या हाउसबोटीवर बसवले. शाळा ती तेवढीच.

१९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’चे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. पैसा बेताचा होता, म्हणून सेट उभारण्याऐवजी खऱ्या इमारती घेतल्या आणि घरच्या माणसांनीच युनिट चालवले. या चणचणीतूनच त्यांची शैली घडली, असे म्हणणे रास्त ठरेल. मोजक्या दिव्यांत चेहऱ्याची एक कड तेवढी उजळायची, बाकीचे काम काळोखावर सोपवायचे. रबरी मुखवट्यातले उणे त्या काळोखात झाकले जाई आणि प्रेक्षकाची कल्पनाशक्ती कामाला लागे. निळी रात्र, लाल-हिरवा झोत, धूर आणि विजेचा लखलखाट ही त्यांची ओळख बनली. अदृश्य शक्तीच्या नजरेने सावजाकडे सरकणारा कॅमेरा तर प्रेक्षकालाच भुताच्या जागी उभा करी.

समीक्षकांनी या चित्रपटांना दुय्यम दर्जाचे ठरवले; सेन्सॉरची कात्रीही चालली. तरीही ‘दरवाजा’ (१९७८) चालला आणि १९८४च्या ‘पुराना मंदिर’ने घवघवीत यश मिळवले. त्यातला राक्षस सामरी साकारणारे उंचेपुरे अनिरुद्ध अगरवाल पेशाने अभियंता होते. ‘वीराना’ १९८८ मध्ये आला, ‘बंद दरवाजा’ १९९० मध्ये. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ या दूरचित्रवाणी मालिकेने हाच काळोख दिवाणखान्यात नेला.

२०१७ साली शाम्य दासगुप्ता यांनी या घराण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परदेशातल्या संग्राहकांसाठी त्यांच्या चित्रपटांच्या डिस्क निघाल्या. तुलसी (२०१८), श्याम (२०१९), कुमार (२०२१) आणि गंगू (२०२४) आज हयात नाहीत. पण हिंदी भयपटाचा इतिहास लिहिताना पहिले प्रकरण त्यांच्याच नावे येते.